पाचकमानीपुढचा चर

नोकरीत मी वरच्या कार्यालयाला किती पत्रं लिहिली ते आता आठवत नाही. त्यांतल्या एकाच पत्रावर आठ दिवसांत कारवाई झाली, आणि नेमकं तेच पत्र चुकीचं होतं. बाकीची बरोबर होती. ती फायलीत आहेत.

मी रस्ते-पुलांच्या खात्यात शाखा अभियंता होते. धारूरच्या डोंगरपट्ट्यातले रस्ते माझ्याकडे. घर परळीला. आठवडाभर धारूरला खोली करून राहायचं आणि शनिवारी परळीला जाऊन वाळत घातलेल्या कपड्यांवरची वीजकेंद्राची राख झटकायची, असं माझं आयुष्य. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा आपल्या हद्दीतला प्रत्येक पूल खाली उतरून बघायचा, हे आमचं मुख्य काम. लोकांना वाटतं इंजिनिअर पूल वरून बघतो. वरून पुलाचं काहीच कळत नाही, तिथे फक्त खड्डे दिसतात. पूल आजारी पडतो तो पायाशी. पाण्यानं पायाखालची माती ओढून नेली का, भिंतीला पोट आलं का, दगडांच्या सांध्यातून पिंपळ उगवला का, हे सगळं नाल्यात उभं राहून, मान वर करून बघावं लागतं. साडी खोचून मी खाली उतरले की वर कठड्याला माणसं जमायची आणि दर वेळी कोणीतरी विचारायचं, "काय हरवलं का बाई?"

हे काम मला खरं शिकवलं गफूरमामांनी. ते मैलकामगार होते. रस्त्याचा ठरावीक तुकडा सांभाळायचा, खड्डे बुजवायचे, मोऱ्या साफ करायच्या, ही मैलकामगाराची नोकरी. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात चुन्याचं काम करायचे, त्यामुळे मामांना दगडी पुलांची नस माहीत होती. हातोडीनं दगडावर टकटक करत ते कमानीखालून फिरायचे. आवाज भरीव आला की पुढे, पोकळ आला की थांबायचे. कमान म्हणजे काय, हे तंत्रनिकेतनात तीन वर्षं शिकून मला जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. "बाई, ह्यातला प्रत्येक दगूड पडायलाच बघतोय, पण शेजारचा त्याला पडू देत न्हाई."

आमच्या भागात एक जुना दगडी पूल आहे. पाच कमानी आहेत म्हणून लोक त्याला पाचकमानी म्हणतात. अलीकडे चाळीसेक घरांची वाडी, पलीकडे बाजाराचं गाव. दोन्हींची नावं लिहीत नाही, कारण माणसं अजून आहेत आणि त्यांतली काही माझ्यावर अजून चिडून आहेत. पूर्वी डोंगरातून खाली येणारा रस्ता याच पुलावरून जायचा. नंतर खालच्या अंगाला नवा रस्ता आणि नवा सिमेंटचा पूल झाला, जुना रस्ता खात्यानं सोडून दिला. सोडून दिला म्हणजे दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला असं लिहून नोंदवहीतून खोडला. पूल काय, जागेवरच राहिला. नव्या रस्त्यानं वाडी ते गाव चार किलोमीटर, जुन्या पुलावरून एक. वाडीनं जुना रस्ता सोडला नाही हे सांगायला नकोच.

मला हुकूम आला, पुलावर 'वाहतुकीस बंद' असा बोर्ड लावा. लावला. महिन्यात बोर्ड गेला. दुसरा लावला, तोही गेला. दसऱ्याच्या आसपास मी आणि गफूरमामा वाडीतून जात होतो, तर आसाराम नावाच्या माणसाच्या दारात कोंबड्यांचं खुराडं दिसलं आणि खुराड्याला माझा बोर्ड दार म्हणून लावलेला. अक्षरं बाहेरून.

मी म्हटलं, "आसाराम, हा सरकारी बोर्ड आहे."

"व्हय की. त्याच्यावर लिवलंय, वाहतुकीस बंद. तवापासून एक बी मुंगूस आत शिरलं न्हाई."

"आणि पुलावरून ट्रॅक्टर गेला तर?"

"आमचं कुणाचं ट्रॅक्टर हाय, बाई? माझी आई दुधाच्या क्यान घिऊन जाती. ती काय वाहतूक हाय का?"

त्याची आई, कौसाबाई, ओसरीवर बसून मिश्री लावत होती. मी तिला कौसामावशी म्हणायची. तिनं तोंड धुतलं, मला पाणी दिलं आणि मुलाला म्हणाली, "दे काढून बाईचं बोर्ड. तिला वर दाखवावं लागत आसंल." त्यानं काढून दिला. आठवड्यानं तो परत गेला. मग मी बोर्डाचा नाद सोडला.

त्या वाडीतली निम्मी माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायची. आसाराम आणि त्याची बायको त्यातलीच. ती गेली की घरी राहायची कौसामावशी आणि तिच्या दोन म्हशी. रोज पहाटे धारा काढून, एक कॅन डोक्यावर आणि एक हातात घेऊन ती पाचकमानीवरून गावात जायची, डेअरीवर दूध घालायची आणि ऊन चढायच्या आत परत यायची. साठीच्या पुढची बाई. मी कामाला निघालेली असताना कितीदा वाटेत भेटायची. "बाई, तुमचा पूल हाय जाग्यावर," असं सांगून पुढे जायची.

घोटाळा झाला तो उसामुळे. नव्या रस्त्याला एक चढ आहे, नको तिथे आणि नको तेवढा. जुना रस्ता ज्यांनी आखला त्यांनी बैलाच्या छातीचा विचार करून आखला होता. नवा ज्यांनी आखला त्यांनी जमीन कुठे लवकर मिळते याचा. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर त्या चढावर पुढून उचलायला लागायचा. मग ड्रायव्हर लोकांनी शोधून काढलं की पाचकमानीवरून सपाट जाता येतं. एका सकाळी मी स्वतः पाहिलं, दोन भरलेल्या ट्रॉल्या त्या पुलावरून डुलत चालल्या होत्या. मी हात करून थांबवायला गेले तर ड्रायव्हरला वाटलं मला ऊस पाहिजे. त्यानं दोन कांड्या टाकल्या आणि गेला.

मी तशीच खाली उतरले. तिसऱ्या कमानीला भेग होती. बोट जाईल एवढी, कमानीच्या माथ्यापासून खाली हातभर आलेली. मी मामांना हाक मारली.

गफूरमामा सावकाश आले, बघितलं, काडीनं भेगेत उकरलं. काडीबरोबर बारीक माती आणि मुंग्या बाहेर आल्या.

"बाई, ही भेग आजची न्हाई. मुंग्यांनी घर केलंय हिच्यात, किती वरसं झाली कुणाला ठाव. हालत्या भिंतीत मुंग्या ऱ्हातेत का?"

"मामा, मुंग्यांचा दाखला मला वर पाठवता येत नाही."

"मग काच लावा की. सबुरी धरा थोडी. खामखा घाई कावून करता?"

काच लावणं ही आमच्यातली साधी तपासणी आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी चुन्यानं चिकटवायची आणि तारीख लिहून ठेवायची. भेग वाढत असेल तर काच तडकते. नसेल तर तशीच राहते. याला काही महिने लागतात. आणि मला वाटत होतं, आपल्याकडे महिने नाहीत. उद्या ट्रॉली कोसळली आणि चार माणसं गेली तर पहिला प्रश्न मलाच विचारतील, तुम्ही भेग पाहिली होती का? खरं सांगायचं तर माणसांच्या जिवाची भीती होतीच, पण त्या प्रश्नाची भीती जास्त होती. शिवाय मामा चौथी शिकलेले आणि मी डिप्लोमा, हेही डोक्यात कुठेतरी असणारच. आज ते लिहिताना माझा मलाच राग येतो.

मी पत्र लिहिलं. पूल कोसळण्याच्या स्थितीत आहे, दोन्ही बाजूंनी चर खणून तातडीनं बंद करावा. पंधरा वर्षांत ज्या कार्यालयानं मला साधा एक टेप बदलून दिला नव्हता, त्यानं आठव्या दिवशी जेसीबी पाठवला. दोन्ही तोंडांना पुरुषभर खोल, रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा चर. मी उभी राहून खणून घेतला. गफूरमामा त्या दिवशी रजेवर होते. विचारलं तर म्हणाले, पोट बिघडलं होतं.

वाडीनं भांडण केलं नाही. भांडणारे सगळे उसाच्या फडात होते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी दोन्ही चरांवर बाभळीचं एकेक लाकूड टाकलं आणि जाणं-येणं चालू ठेवलं. मी ती लाकडं दोनदा काढायला लावली. तिसऱ्यांदा काढली नाहीत, कारण तिसऱ्यांदा मी गेले तेव्हा कौसामावशी आधीच पडली होती.

दव पडलेलं, लाकूड निसरडं, डोक्यावर कॅन. चरात पडली ती तास-दीड तास तिथेच होती. शेळ्या घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यानं तिचं कण्हणं ऐकलं. मांडीचं हाड मोडलं होतं. गावातली जीप नव्या रस्त्यानं वळसा घालून वाडीत आली, तिथून बाजेवर घालून तिला नेलं.

मी दवाखान्यात गेले. आसाराम फडावरून आला होता. मला वाटलं तो शिव्या देईल, तशी मी तयारी करून गेले होते. तो नुसता म्हणाला, "तुमाला म्हणलं हुतं बाई. ती वाहतूक न्हाई." दोन दिवसांनी त्याला परत फडावर जावं लागलं.

त्यानंतर मी भेगेवर काच लावली. आधी लावायची ती नंतर. तिसऱ्या कमानीवर तीन पट्ट्या, आणि गफूरमामांच्या सांगण्यावरून एक पट्टी वाडीकडच्या बाजूच्या भिंतीवर, जिथे काहीच नव्हतं, फक्त एक सांधा होता.

पावसाळा आला. चर भरला. आता कोणालाही कळेल अशी गोष्ट सांगते, जी मला, इंजिनिअरला, सुचली नव्हती. कमानीच्या वर आणि दोन्ही टोकांना भिंतींच्या मधे माती-मुरूम भरलेला असतो. जुन्या लोकांनी रस्त्याला उतार देऊन पावसाचं पाणी बाहेर काढलं होतं. मी पुलाच्या तोंडाशीच हौद बांधून दिला. चार महिने त्यात पाणी साचून राहिलं आणि भिंतीच्या पाठीमागे मुरत गेलं. ऑक्टोबरात मी खाली उतरले तेव्हा वाडीकडच्या भिंतीला पोट आलं होतं आणि सांध्यावरची काच तडकून दोन तुकडे झाली होती. तिसऱ्या कमानीच्या भेगेवरच्या तिन्ही काचा जशाच्या तशा होत्या. एका काचेवर मुंग्या फिरत होत्या.

गफूरमामांनी तडकलेल्या काचेवरून बोट फिरवलं आणि हातोडीनं भिंत ठोकत पुढे गेले. 

मी पत्र लिहिलं, चर बुजवावा. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. नाही. शेवटी स्वतः साहेबांसमोर जाऊन बसले. साहेब सज्जन होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी नोंदवही मागवली, चष्मा पुसला आणि पानं उलटली.

"मॅडम, हा पूल आपल्या नोंदवहीत नाही. नसलेल्या पुलावर खर्च कसा टाकू?"

"मग चर कुणी खणला, साहेब?"

"आपणच."

"नसलेल्या पुलावर?"

"चर पुलावर नाही. पुलाच्या अलीकडे आहे."

"मग अलीकडचा चर बुजवा."

"कशासाठी? तिथून रस्ताच जात नाही."

मी म्हटलं, पूल ज्या कार्यालयाकडे वर्ग केला त्यांना तरी लिहा. त्यांनी लिहिलं. त्या कार्यालयाचं उत्तर आलं की असा पूल आमच्याकडे आल्याची नोंद नाही. म्हणजे तो पूल एका दारातून बाहेर पडला होता आणि दुसऱ्या दारात शिरला नव्हता. निजामाच्या राज्यात बांधलेला, पाच कमानींचा, दोन पुरुष उंच पूल, आणि दोन कार्यालयांत मिळून कोणाला दिसत नव्हता. दुसरा पावसाळाही तसाच गेला. भिंतीचं पोट आणखी दोन बोटं पुढे आलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, ऊसतोडीची माणसं परत आल्यावर, मी आसारामकडे गेले. गफूरमामा तोवर निवृत्त झाले होते, त्यांनाही बरोबर नेलं.

मी म्हटलं, "चर बुजवायचाय. खात्याकडून होणार नाही. तुम्ही माणसं दिली तर मी उभी राहते."

आसारामनं विचारलं, "उद्या तुमच्यावर आलं म्हंजे?"

"येईलच."

"मग ठीक हाय," तो म्हणाला. बहुतेक तेवढ्यासाठीच तो तयार झाला.

एका रविवारी सकाळपासून वीस-बावीस माणसं आणि बाया होत्या. भाड्यानं आणलेल्या ट्रॅक्टरनं मुरूम टाकला. वीतभर थर, पाणी, धुमसानं ठोकायचं, पुन्हा थर. चराच्या तळाशी दगडगोटे भरून पाण्याला बाजूनं वाट काढून दिली. गफूरमामांनी चुना, विटांचा भुगा आणि गुळाचं पाणी मळून भिंतीचे सांधे भरले. वयानं हात थरथरत होते, पण थापी नाही. भिंतीच्या पायाशी मोठे धोंडे रचून टेकू दिला. आणि सगळ्यात शेवटी पुलाच्या दोन्ही तोंडांना दोन-दोन उंच दगड पुरले, मधे सहा फूट अंतर ठेवून. बैलगाडी जाईल, मोटारसायकल जाईल, उसाची ट्रॉली अडेल.

दगड पुरायला अर्धा दिवस लागला. ते पुरून होईपर्यंत मी बघत उभी होते आणि मला एवढंच कळत होतं की हे अर्ध्या दिवसाचं काम मी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर भागलं असतं. चार दगड. जेसीबी नको, पत्र नको, काही नको. मामांना विचारलं, तुम्हाला तेव्हाच सुचलं होतं का? ते म्हणाले, "सुचलं हुतं. पन तुमी इचारलं न्हाई आनि मला राग आला हुता. मी बी गप बसलो. निम्मं पाप माझं हाय." 

नोटीस महिन्यानं आली. विनापरवानगी शासकीय चर बुजवल्याबद्दल कारणे दाखवा. मी उत्तर लिहिलं की ज्या पुलासाठी चर खणला तो पूल आपल्या नोंदवहीत नाही, सबब चराचीही नोंद कुठे आहे ते कृपया कळवावे, म्हणजे खुलासा करणे सोयीचे होईल. साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही आधी असं लिहीत नव्हता." लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात आहे. नोकरीतल्या कागदांपैकी तेवढ्या एकाची झेरॉक्स मी घरी ठेवली आहे.

पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर मी भिंत बघायला गेले. भिंत जागेवर होती. सांधे कोरडे. बरं वाटलं, तशीच वाडीत गेले. कौसामावशी ओसरीवर बसली होती, शेजारी काठी. पाय आखूड झाला होता. गोठा रिकामा होता. पडल्यानंतर धारा काढायला कोणी नव्हतं म्हणून दोन्ही म्हशी विकल्या होत्या, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि तो गोठा बघणं वेगळं. त्यात सरपण रचून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "मावशी, पूल सुरू झाला."

"आईकलं."

"भिंत टिकली. आता काही भीती नाही."

"मला भीती तवा बी नव्हती. भीती तुमाला हुती."

 मी माफी मागायची म्हणून आले होते. म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. चला, मी हात धरते, एकदा पुलावरून जाऊन येऊ."

"माझा रस्ता धरला तेवढं पुरं झालं, बाई. आता हात नगा धरू." आवाज चढवला नाही. रागही दिसला नाही, रोजचं काही सांगावं तसं सांगितलं. "आन पलीकडं जाऊन करू काय? न्यायला काय ऱ्हायलंय?"

तिनं काठी जवळ ओढून घेतली. मग ती म्हणाली, "तुमी जाणारच हाव का पलीकडं?"

मी जाणार नव्हते. माझी स्कूटर वाडीतच उभी होती. "जाते ना," मी म्हटलं.

"मग चौकातल्या दुकानातून मला मिश्रीची पुडी आना. आसारामला सांगितलं की दोन दिस लावतो."

मी चालत निघाले. पाचकमानीवरून पलीकडे गेले, दुकानातून पुडी घेतली, तशीच परत आले. तिनं पुडी हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, उलटीपालटी करून बघितली आणि माझ्याकडे परत केली.

"ही न्हाई. हिच्यानं तोंड पोळतं. लाल कागदातली पायजे."

ऊन चढलं होतं. मी पदर डोक्यावर घेतला आणि पुन्हा पुलाकडे निघाले.